कुलूपबाईंचा जिवंत मुद्देमाल

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. गाढवाला हे कुणी सांगितलं नसावं. एके सकाळी हवालदाराच्या मागून ते मुकाट पायऱ्या चढून आलं आणि माझ्या आत्याच्या टेबलासमोर मान खाली घालून उभं राहिलं.

आत्या मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून एका पाकिटाला सील लावत होती. तिनं आधी सील पुरं केलं, मग गाढवाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे.

"हे बाहेर बांधा. आत जनावर आणायची परवानगी नाही."

"जनावर नाही, बाई," हवालदार म्हणाला आणि त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मुद्देमाल आहे."

आत्या कोर्टात मुद्देमाल कारकून होती. पोलिसांनी जप्त केलेली प्रत्येक वस्तू खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिच्या ताब्यात राहायची. तळमजल्यावरची एक लांबोळकी खोली, रस्त्याच्या बाजूला जाळीची खिडकी, आणि छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या. त्यांवर सुरे, काठ्या, खोट्या नोटा, एक मिक्सर, एक बासरी. भिंतीला टेकवून सायकली आणि चौकटीसकट उपटलेला एक दरवाजा. तो दोन भावांच्या भांडणातला होता. त्यावर घराची पाटी अजून तशीच होती आणि दरवाजाची कडी आतून लावलेली होती.

तिला सगळे समोर बाई म्हणत आणि पाठीमागे कुलूपबाई. तिला दोन्ही नावं ठाऊक होती.

नोकरीला लागली तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या कारकुनानं किल्ल्यांचा जुडगा देताना तिला एकच वाक्य सांगितलं होतं: जसं आलं, तसं गेलं पाहिजे. तिनं ते शब्दशः पाळलं. गंजका सुरा आला तर तेवढाच गंज घेऊन परत जायचा. चोरीचं एक भिंतीवरचं घड्याळ चालू स्थितीत जप्त झालं होतं, म्हणून दर सोमवारी ती त्याला चावी द्यायची. घड्याळाचा मालक वारला, चोर म्हातारा झाला, खटल्याचं घोंगडं भिजतच पडलं. पण त्या बंद खोलीत घड्याळ कुणासाठी तरी टिकटिकत राहिलं. एकदा एका बाटलीतली दारू बुचाच्या फटीतून उडून हळूहळू कमी व्हायला लागली, तर आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"उडून गेली म्हणून लिहा की," शिरस्तेदार म्हणाले.

"लिहीन. आणि लोक वाचतील, बाईंनी प्यायली."

घरीही तिचं हेच. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. तिनं अंगठी परत पाठवली, ती डबी, डबीतला कापूस आणि डबीवरच्या कागदासकट. "मुलगासुद्धा जसा आला तसाच गेला, एक ओरखडा नाही," असं माझी आई म्हणायची. आई तिला वन्सं म्हणे आणि टोमण्यांच्या बाबतीत तिचा हात कधी आखडता नसे. आत्या आमच्याकडेच राहायची. मागच्या खोलीत तिची कॉट, तिचं कपाट आणि दोरीनं बांधून चिठ्ठ्या लावलेले तिचे डबे.

निवृत्ती जवळ आली होती. एवढ्या नोकरीत तिच्या खोलीतली एकही वस्तू हरवली नव्हती, फुटली नव्हती, बदलली नव्हती. ह्यापलीकडे तिनं आयुष्यात काही मिळवलं असलं, तर ते निदान आम्हाला ठाऊक नव्हतं.

तर अशा ठिकाणी गाढव आलं.

ते होतं भट्टीवाल्याचं, विटा वाहणारं. चढावर ते खाली बसलं होतं आणि बसल्या जागी मार खात होतं, हे येता-जाता जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ तक्रार दिली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा होता. तो इतका क्वचित वापरला जायचा, की नेमकं कलम शोधता शोधता हवालदाराच्या नाकी नऊ आले. पंचनामा मात्र त्यानं मन लावून लिहिला: राखाडी रंगाचं एक गाढव. बरगड्या मोजता येतात. पाठीवर दोन मुठी मावतील एवढी ओली जखम. डावा कान फाटका. मान उचलत नाही.

अशी जनावरं खरं तर कोंडवाड्यात ठेवतात. पण कोंडवाड्याला कुलूप होतं. त्याच्या ठेक्यावरून दोन भागीदार भांडले होते, एकानं दुसऱ्याच्या कपाळात किल्ली मारली होती, आणि ती किल्ली आत्याच्याच कपाटात सीलबंद पाकिटात होती.

"मग काढा ना ती," हवालदार म्हणाला.

"तिला रक्ताचा डाग आहे. कुलपात फिरवली तर पुसला जाईल."

"अहो, किल्ली इथं, कुलूप तिथं, गाढव मधे. मी काय करू?"

नवे न्यायाधीश नुकतेच बदलून आले होते. वरच्या मजल्यावर त्यांच्यापुढे हा पेच गेला, तेव्हा त्यांनी मान वर न करता लिहून दिलं: मुद्देमाल आहे, तर मुद्देमाल खोलीत जमा करावा. गाढव जमा झालं. दरवाजा आणि सायकलींच्या मधल्या जागेत त्याला उभं केलं. लाखेचा ठसा जनावराच्या अंगावर मारता येईना, म्हणून आत्यानं गळ्यातल्या दोरीच्या गाठीला सील केलं आणि दोरीला कागदाची चिठ्ठी अडकवली. गाढवानं ती खाल्ली. तिनं दुसरी अडकवली. तीही खाल्ली. मग तिनं पत्र्याची चकती करून आणली.

"उपाशी आहे, बाई," पट्टेवाला म्हणाला. "सरकारी कागद कुणी आवडीनं खातं का?"

आत्याला खायला घालायचं होतंच. किती, एवढाच प्रश्न होता. बरगड्या मोजता येतात, असं पंचनाम्यात होतं. म्हणजे आणखी दिसता कामा नयेत आणि झाकल्याही जाता कामा नयेत. तिनं चाऱ्याचं माप ठरवलं. लिदीचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. ती मुद्देमालाचा भाग धरायची की मुद्देमालापासूनचं उत्पन्न? भाग असेल तर जपून ठेवायला हवी होती. शिरस्तेदारांनी डोकं धरलं आणि उत्पन्न धरा म्हणाले, म्हणून कोर्टाच्या बागेतला माळी सही करून ती घेऊन जायला लागला.

मी विद्यापीठात जाताना वाटेत आत्याचा डबा पोचवत असे. डॉक्टर आले त्या दिवशी मी तिथं होते. त्यांनी जखम पाहिली, नाकाला रुमाल लावला आणि मलमाची बरणी टेबलावर ठेवली.

"सकाळ-संध्याकाळ लावा."

आत्यानं बरणीला हात लावला नाही. "हे लावलं तर जखम बदलेल."

"बरी होईल."

"तेच म्हणते. बदलेल."

डॉक्टरांनी रुमाल खिशात घातला. "बाई, नाही लावलं तरी बदलेल. सडेल. किडे पडतील. तुम्हाला कुठली बदललेली हवी, तेवढं ठरवा."

आत्यानं ठरवलं नाही. तिनं रीतसर अर्ज केला: मुद्देमाल बरा करण्याची परवानगी मिळावी. भट्टीवाल्याच्या वकिलांनी हरकत घेतली. जखम हा खटल्यातला मुख्य पुरावा आहे, पुराव्याला मलम लावणं म्हणजे पुरावा पुसणं, असं त्यांचं म्हणणं. सरकारी वकील रजेवर होते. अर्जाला पुढची तारीख पडली.

तारीख होईपर्यंत जखमेवर माशा बसल्या. खोलीत घड्याळाची टिकटिक आणि माश्यांची घूं घूं, एवढंच ऐकू यायचं. गाढव शेपटीसुद्धा हलवत नव्हतं. आत्या खुर्चीत ताठ बसून सीलबंद पाकिटं तपासायची आणि मधेच तिची नजर तिकडे जायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती उठली, वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि माशा हाकलायला लागली.

"आत्या, चालतं हे?"

"पंचनाम्यात माशा नाहीत," ती म्हणाली. "नंतर आलेल्या आहेत."

तिथून सुरुवात झाली. माशा पंचनाम्यात नव्हत्या, तशी धूळही नव्हती. मग धूळ पुसायला हरकत नव्हती. जखम धुतली तर धूळच जात होती. आणि जखम वाढायला लागली, तर दोन मुठींची राहणार नव्हती. तेव्हा ती दोन मुठींपाशी रोखून धरण्यापुरतं मलम लावणं हे खरं तर मुद्देमालाचं रक्षणच होतं. सुतावरून स्वर्ग गाठतात तशी आत्या माशीवरून मलमापर्यंत पोचली, आणि एकाही पायरीवर तिनं नियम मोडला नाही.

फक्त मोजमाप हवं होतं. ती स्वतःच्या मुठी जखमेवर धरून बघायची. पण तिच्या मुठी लहान. पंचनाम्यातल्या मुठी हवालदाराच्या होत्या. म्हणून आठवड्यातून एकदा हवालदाराला बोलावणं जायला लागलं. तो बाहेर टोपी काढून ठेवायचा, हात धुवायचा आणि गाढवाच्या पाठीवर, अंगाला न लावता, दोन मुठी धरायचा.

"बरोबर?" आत्या विचारायची.

"थोडी जागा राहते आहे, बाई. मागच्या खेपेला घट्ट बसत होत्या."

"नीट धरा. अंगठा आत घेतला होता का बाहेर?"

"आता अंगठ्याचं कोण लक्षात ठेवतं," हवालदार म्हणायचा, आणि आत्या त्याच्याकडे अशी पाहायची की त्यानं ठेवायला हवं होतं.

चाऱ्याचंही असंच हाताबाहेर गेलं. आत्याचं माप चोख होतं, पण खिडकीला जाळी होती आणि जाळीला एक भोक. कोर्टात माणसं येतात ती वाट बघायला येतात. साक्षीदार, जामीनदार, भाऊबंदकीतले दोन्हीकडचे भाऊ, घटस्फोटातली नवराबायको, सगळी त्या खिडकीशी यायची आणि भोकातून काहीतरी आत सरकवायची. केळ्याची साल, पावाचा तुकडा, डब्यातलं उरलंसुरलं. बेड्या घातलेला एक दरोडेखोर पोलिसाला म्हणाला, माझा हात जरा वर धरा, आणि त्यानं दोन्ही हातांनी मिळून एक पेरू दिला. जितक्या तारखा पुढे जात, तितकं गाढवाच्या अंगावर मूठ मूठ मांस चढत होतं. पट्टेवाला त्याला मुद्देमालराव म्हणायला लागला.

एका संध्याकाळी आत्या घरी आली ती चेहरा पाडून.

"काय झालं, वन्सं?" आईनं विचारलं. "गाढवानं राजीनामा दिला?"

"बिघडत चाललंय."

"कोण, गाढव?"

"जखम. भरत आली. एक मूठ जेमतेम बसते. बरगड्या चाचपून बघाव्या लागतात."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग तसंच लावून ते म्हणाले, "ताई, ह्याला लोक बरं होणं म्हणतात."

"लोक म्हणतात. सुनावणीच्या दिवशी वकील म्हणेल, कुठे आहे जखम? पंचनामा खोटा. गाढव परत द्या." तिनं रिकामा डबा मोरीत ठेवला. "आणि परत द्यावं लागेल. भट्टीवर."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा तिनं मलमाची बरणी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं होतं. निदान एक मूठ तरी राहू दे, तेवढी दाखवता येईल, असा तिचा विचार होता. ती टेबलाशी बसली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते आणि त्या उभ्या दरवाजाच्या पाटीवर ऊन पडलं होतं. गाढव दोन पावलं पुढे आलं. त्यानं मान उचलली. आल्यापासून पहिल्यांदाच. आत्याच्या खांद्याला नाक लावलं, आणि ते तसंच उभं राहिलं.

आत्या हलली नाही. मला वाटलं, ती त्याला मागे सारेल. बऱ्याच वेळानं तिनं किल्ल्यांचा जुडगा उचलला.

"मान उचलत नाही, असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "तेही गेलं."

तिनं कपाट उघडलं. त्या दिवसानंतर तिनं मुठी मोजल्या नाहीत आणि हवालदारालाही बोलावलं नाही. परवानगीचा अर्ज अजून तारखेवर होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील रजेवरून परतले. त्यांनी खिडकीतून गाढव पाहिलं आणि ते हबकले. अंगावर हात ठेवला तर घसरेल असं तुकतुकीत झालं होतं. पाठीवर जखमेच्या जागी नवे केस आले होते, जरा फिक्या रंगाचे.

"बाई, हे काय करून ठेवलंत? बरं, ऐका. साक्षीत विचारलं तर म्हणा, आपोआप बरं झालं. तुमची नोकरी शाबूत राहील. पुराव्यात फेरफार केला म्हणालात, तर निवृत्तीच्या तोंडावर गोत्यात याल."

घरी ह्यावर पुष्कळ बोलणं झालं. बाबांचं म्हणणं, वकील सांगतात त्यात खोटं फार नाही, जखमा भरतातच.

"आपोआप भरली म्हटलं तर ती किरकोळ होती असं होतं," आत्या म्हणाली. "किरकोळ असेल, तर छळ कसला."

"पण तुझं नाव राहील, ताई. इतकी वर्षं जपलंस."

"नाव राहील," आई भाकीत केल्यासारखी म्हणाली. ती भांडी पुसत होती. "आणि गाढव जाईल. घ्या. नावावर बसून फिरा मग."

टोमणा बाबांना होता की आत्याला, ते कळलं नाही. आत्या उठून मागच्या खोलीत गेली.

कोर्टाची खोली वरच्या मजल्यावर. भट्टीवाल्याच्या वकिलांनी मुद्देमाल हजर करण्याची मागणी केली होती, आणि गाढव जिना चढेना. पट्टेवाल्यानं पुढून ओढलं, हवालदारानं मागून रेटलं. पहिल्या दिवशी ते पायऱ्या चढून आलं होतं, कारण नाही म्हणायचं त्राण नव्हतं. आता होतं. शेवटी न्यायाधीशसाहेब स्वतःच खाली आले. त्यांची खुर्ची, टंकलेखकाचं टेबल आणि साक्षीदाराचा पिंजरा व्हरांड्यात आणून मांडला. भट्टीवाला हात बांधून उभा राहिला. तो बुटका, घामेजलेला माणूस होता. पायाला विटांची लाल धूळ तशीच. तो सारखा सूर्याकडे बघत होता, भट्टी सोडून आलेल्या माणसासारखा.

वकिलांनी पंचनामा वाचून दाखवला आणि गाढवाभोवती एक फेरी मारली.

"बरगड्या मोजता येतात, असं इथं म्हटलंय. साहेब, मला एकही सापडत नाही. दोन मुठींची जखम. कुठे आहे? मान उचलत नाही." इथं गाढवानं मान उचलून त्यांच्या काळ्या कोटाची बाही हुंगली. "माझ्या अशिलाचं गाढव ठणठणीत आहे. ते त्याला आजच्या आज परत मिळावं."

आत्या पिंजऱ्यात आली. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरला होता.

"मुद्देमाल तुमच्या ताब्यात होता?" सरकारी वकिलांनी विचारलं. "आणि तो आपोआप..."

"नाही," आत्या म्हणाली. "मुद्देमालात फेरफार झालेला आहे. मी केला."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. समोरच्या वकिलांचा चेहरा उजळला. "साहेब, हे नोंदवून घ्यावं."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "काय फेरफार केलात?"

"खायला घातलं."

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, "मी खायला घातलं." यंत्र खडखडलं. "आणखी?"

"पाणी पाजलं. दोन्ही वेळा."

"मी पाणी पाजलं. आणखी?"

"जखम धुतली, मलम लावलं. परवानगी नव्हती. माशा हाकलल्या."

एकेक गुन्हा कागदावर चढत होता. शेवटी आत्यानं विचारलं, "मुद्देमालाशी बोलले, हेही सांगायचं का?"

"ते राहू द्या," साहेब म्हणाले.

"म्हणजे पुरावा दूषित झाला," वकील म्हणाले. "खटला इथंच संपतो. आता फक्त गाढव ताब्यात मिळण्याचा प्रश्न."

"त्याआधी ओळख पटवायला हवी," साहेब म्हणाले. "बाई स्वतः म्हणतात फेरफार झाला. हेच ते गाढव कशावरून?" ते भट्टीवाल्याकडे वळले. "पुढे या. नीट बघून सांगा. हे तुमचंच का?"

भट्टीवाला पुढे आला. त्यानं गाढवाला समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, पाय उचलून खूर पाहिला. वकील त्याला डोळ्यांनी खुणावत होते. पण तो आयुष्यभर जनावरांच्या बाजारात फिरलेला माणूस. जनावराबद्दल विचारलं की खरं तेच त्याच्या तोंडून निघायचं.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "हे माझं नाही."

"नीट बघा," वकील दात आवळून म्हणाले.

"बघितलं की. आपलं असं कधीच नव्हतं. हे चांगलं आहे. आपलं म्हणजे बारीक. बरगड्या अशा वर आलेल्या. पाठीला इथं मोठं लागलेलं, गोणी घासून घासून. एवढं." आणि त्यानं गाढवाच्या पाठीवर, फिक्या केसांच्या नेमक्या जागी, आपल्या दोन मुठी शेजारी शेजारी धरल्या. "मान टाकून असायचं. हे बघा कसं बघतंय माझ्याकडे."

साहेब हळू आवाजात टंकलेखकाला सांगत होते आणि यंत्र खडखडत होतं. हवालदार भट्टीवाल्याच्या मुठींकडे टक लावून बघत होता. मग तो आत्याकडे झुकून पुटपुटला, "अंगठा बाहेर होता, बाई."

"तो कान बघा," साहेब भट्टीवाल्याला म्हणाले. "डावा."

भट्टीवाल्यानं डावा कान उलटून पाहिला. फाटका होता. मलमानं तेवढा जुळला नव्हता. तो कान हातात धरून उभा राहिला. "आईशप्पथ," तो सावकाश म्हणाला. "आपलंच आहे की."

निकाल त्याच आठवड्यात लागला. भट्टीवाल्याला दंड झाला, आणि गाढव त्याला परत देऊ नये असं ठरलं. त्याचा भट्टीवाल्याला दंडापेक्षा जास्त राग आला. इतकं धडधाकट गाढव, आणि तेही स्वतःचं, त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. ते परत मिळावं म्हणून त्याच्या वकिलांनी वरच्या कोर्टात अपील केलं.

आत्याला मात्र कारणे दाखवा म्हणून नोटीस आली. बाबांनी उत्तराचे चार मसुदे केले, माफीचे, विनंतीचे. तिनं ते नीट वाचून बाजूला ठेवले आणि स्वतः लिहिलं: फेरफार मान्य आहे. मुद्देमाल पूर्वस्थितीत आणण्याचा आदेश झाल्यास तो कशा रीतीनं पाळावा, याचं मार्गदर्शन व्हावं.

त्यावर उत्तर आलं नाही. कोण देणार होतं? कुणीतरी सहीनिशी लिहायला हवं होतं, की गाढवाला उपाशी ठेवा, पाठीवर दोन मुठींची जखम करा आणि मान खाली घालायला लावा.

वरच्या कोर्टाचा आदेश मात्र आला. अपिलाचा निकाल होईपर्यंत मुद्देमाल आज आहे त्याच स्थितीत ठेवण्यात यावा. त्यात घट झाल्यास संबंधित कारकून जबाबदार राहील.

आत्यानं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग डॉक्टरांना बोलावून गाढवाचं वजन करून घेतलं, जाळीचं भोक बुजवायला आलेल्या सुताराला परत पाठवलं, आणि कोंडवाड्याच्या किल्लीचा खटला निकाली निघाला तरी आपण घाई करायची नाही, असं शिरस्तेदारांना बजावलं. भिजत घोंगड्यांचा तिला जन्मभर तिटकारा होता. आता अपिलाची तारीख पुढे गेली की ती घरी येऊन आधी चहा मागायची आणि मग सांगायची, "पुढे गेली."

"मग पेढे वाटा," आई म्हणायची.

परवा मी डबा द्यायला गेले, तर खिडकीशी आई उभी. हातात पिशवी. ती आजवर कधी कोर्टाच्या दारात आली नव्हती. मला पाहून ती उगाचच रस्त्याकडे बघायला लागली, पण तोवर आत्या जाळीशी आली होती आणि तिच्या खांद्यामागून दुसरं एक राखाडी डोकं पुढे आलं होतं.

"गाजराची सालं आहेत," आईनं पिशवी जाळीला टेकवली. "आदेशात बसतात का बघा, वन्सं."

आत्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. एक साल काढून ती उन्हात धरली, उलटसुलट केली.

"बसतात," ती म्हणाली. "पण आहे त्या स्थितीत ठेवायचं, तर रोज लागतील."